महासागराचे आठ गुण आणि आपले कर्तव्य



आजच्या प्रवचनासाठी मी समुद्र हा विषय घेतला आहे. साकोलीसारख्या गावी समुद्रावर बोलणे काहींना नवलाचे वाटेल. आपला भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा. आपण बोड्या पाहिल्या, मामा तलाव पाहिले, चुलबंद आणि वैनगंगा पाहिली. समुद्राशी आपला संबंध तो काय? परंतु संबंध आहे, आणि तो एकच नव्हे, तीन प्रकारचा आहे.

पहिला संबंध भावनेचा. आपल्यातील पुष्कळांनी समुद्र प्रथम पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर. गाडीत दाटीवाटीने रात्र काढून, तासन् तास रांगेत उभे राहून चैत्यभूमीचे दर्शन घेतले आणि मान वर केली, तो समोर अथांग पाणी! ७ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या पार्थिव देहावर अंत्यसंस्कार झाले ते याच समुद्राच्या काठी.

दुसरा संबंध धम्माचा. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात पहाराद नावाच्या असुरप्रमुखाची कथा आहे. असुरांना महासागर इतका प्रिय का, असे तथागतांनी त्याला विचारले. पहारादाने महासागराचे आठ गुण सांगितले. महासागर क्रमाक्रमाने खोल होत जातो. तो आपली मर्यादा ओलांडीत नाही. तो प्रेत पोटात ठेवून घेत नाही, किनाऱ्यावर आणून टाकतो. मोठमोठ्या नद्या त्याला मिळाल्या की आपली पहिली नावे सोडतात. कितीही पाणी येवो, तो वाढलेला वा घटलेला दिसत नाही. त्याची चव सर्वत्र एकच, खारट. त्यात मोती, शंख, प्रवाळ अशी रत्ने आहेत. आणि तो महाकाय प्राण्यांचे निवासस्थान आहे. तेव्हा तथागत म्हणाले की, माझ्या धम्मविनयातही असेच आठ गुण आहेत. तेथे शिक्षण क्रमाने होते, तेथे दुराचारी टिकत नाही, तेथे चारही वर्णांचे लोक आले की आपली जुनी नावे आणि गोत्रे सोडतात, आणि त्या धम्माची चव एकच आहे, विमुक्तीची.

धर्मांतरानंतर दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नद्यांची आणि सागराची हीच उपमा आपल्याला समजावून सांगितली. संघात आल्यावर जात उरत नाही, हे सांगण्यासाठी त्यांना याहून चांगले उदाहरण मिळाले नाही.

तिसरा संबंध भूगोलाचा. मी शाळेत मुलांना नकाशावर बोट ठेवून हा मार्ग दाखवतो. आपल्या शेतावरचे पाणी नाल्याने चुलबंदेत जाते. चुलबंद वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागरात जाते. चुलबंद आपले नाव वैनगंगेत सोडते, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी समुद्रात. तथागतांचा चौथा गुण आपल्या दारातून वाहतो आहे. परंतु नदी आपले नाव सोडते, पोटातला मळ सोडीत नाही. जे आपण तिच्यात टाकले ते घेऊनच ती समुद्राकडे जाते.

आता प्रश्न असा की, ते आठ गुण आज महासागरात शिल्लक आहेत काय? धम्म डोळे मिटून मानायला सांगत नाही, पारखून घ्यायला सांगतो. म्हणून आपण पारखून पाहू.

तिसरा गुण घ्या. समुद्र प्रेत ठेवून घेत नाही. त्या काळी माणूस पाण्यात टाकीत असे ते पान, फूल, लाकूड, कापूस, राख, मृत देह. यातील काही लाटांनी किनाऱ्यावर येई, काही कुजून मातीत मिळे, काही माशांचे अन्न होई. निसर्गात जे जन्मले ते निसर्गात विरते. अनित्यतेचा नियम समुद्रातही लागू होता आणि त्या नियमानेच समुद्र स्वच्छ राहत होता.

आज आपण समुद्राला असे पदार्थ देत आहोत की जे लवकर विरत नाहीत. प्लॅस्टिक कुजत नाही. ते उन्हाने आणि लाटांनी फुटते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि ते कण शिंपले, कोळंबी, मासे यांच्या पोटात जातात. समुद्रातील कासव पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून गिळते. पोट भरल्यासारखे वाटते, पण ते उपाशी मरते. तुटून पडलेली नायलॉनची जाळी कोणी ओढत नसताना वर्षानुवर्षे मासे, कासवे, डॉल्फिन यांना धरून मारीत राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपून पिले समुद्रात सोडण्याचे काम सुरू केले. अशी तळहाताएवढीही नसलेली पिले माणसांनी जपून सोडायची, आणि ज्या पाण्यात ती जातात तेथे माणसांनीच टाकलेल्या पिशव्या त्यांची वाट पाहत असायच्या! गोदावरीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही हीच कासवे अंडी घालायला येतात. म्हणजे आपल्या चुलबंदेचे पाणी शेवटी ज्या समुद्रात जाते, तेथेच.

प्लॅस्टिक निदान डोळ्यांना दिसते. विष दिसत नाही. जपानमध्ये मिनामाता नावाचे एक कोळ्यांचे गाव आहे. तेथे चिसो नावाच्या कंपनीचा रासायनिक कारखाना १९३२ पासून पारामिश्रित सांडपाणी खाडीत सोडत होता. पारा पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत गेला, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत गेला, लहान माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत गेला. प्रत्येक पायरीवर तो साठत आणि वाढत गेला. प्रथम गावातली मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी गेली, वाचा गेली. आईला फारसा त्रास नाही, पण तिच्या पोटी जन्मलेले मूल लुळे, असेही घडले. १ मे १९५६ रोजी या रोगाची सरकारी दप्तरी प्रथम नोंद झाली. ज्या वर्षी आपण नागपूरला दीक्षा घेतली त्याच वर्षीची ही गोष्ट. कारखान्याच्याच डॉक्टरने, होसोकावा यांनी, १९५९ मध्ये मांजरावर प्रयोग करून कारखान्याचे पाणी हेच कारण असल्याचे पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला आणि १९६८ पर्यंत पारा सोडणे चालूच ठेवले. दोन हजारांहून अधिक लोकांना सरकारने या रोगाचे रुग्ण म्हणून मान्यता दिली. याहून वाईट म्हणजे, शेजारीपाजारी त्या आजारी कोळ्यांना टाळू लागले. त्यांच्या घरी सोयरीक करीनात, रोग लागेल म्हणून जवळ जाईनात. विष कारखान्याने पसरवले आणि विटाळ कोळ्यांच्या वाट्याला आला.

बंधू-भगिनींनो, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

विटाळ हा शब्द आपल्या पूर्वजांनी जितका सोसला तितका कोणी सोसला नसेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात शेण आणि गोमूत्र घालून ते म्हणे शुद्ध केले! माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडत नाही, हे बाबासाहेबांनी त्या दिवशी जगाला दाखवले. मग पाणी कशाने बिघडते, हे आज त्याच महाडने दाखवले आहे. महाडजवळच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक सांडपाणी सावित्री नदीच्या खाडीकडे जाते आणि सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीत मासे मेल्याच्या, मासेमारी बुडाल्याच्या तक्रारी तेथील भोई आणि कोळी बांधव वर्षानुवर्षे करीत आले आहेत. जेथे माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते म्हणून दंगल झाली, तेथे नदीत रसायने सोडल्याबद्दल कोणी गोमूत्राची घागर घेऊन धावल्याचे ऐकिवात नाही. विटाळाची कल्पना खोटी आहे, प्रदूषण खरे आहे. एकाचा निवाडा जन्मावरून होतो, दुसऱ्याचा कर्मावरून. धम्म कर्म पाहतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. चैत्यभूमीपासून थोड्याच अंतरावर माहीमला मिठी नदी समुद्राला मिळते. नाव मिठी, पण ती शहराचे मैलापाणी आणि कचरा वाहून नेणारी गटार झाली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. नद्या-नाल्यांवरची अतिक्रमणे आणि गटारे तुंबवणारे प्लॅस्टिक यांमुळे संकट वाढले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे आठशे टन तेल समुद्रात सांडले. ते खारफुटीच्या मुळांना आणि किनाऱ्यांना चिकटले, आणि काही काळ मासेमारी थांबली. खारफुटीची झाडे म्हणजे माशांचे पाळणाघर. तेथे माशांची आणि कोळंबीची पिले वाढतात. तेलाने मुळांची श्वासरंध्रे बुजली की झाड गुदमरते, आणि झाड गेले की पिले उघडी पडतात. या जहाजांशी ज्यांचा काहीही संबंध नाही त्या कोळणींच्या टोपल्या रिकाम्या राहिल्या.

आता दुसरा, सहावा आणि सातवा गुण पाहा. कोराडी, मौदा, तिरोडा येथील वीज केंद्रे कोळशावर चालतात. जगभर कोळसा आणि तेल जळते, त्यातून कर्बवायू निघतो. त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. समुद्र ही आपल्यावर मेहरबानीच करतो, परंतु त्याची किंमत त्यातील जीव देतात. पाण्यात विरलेल्या कर्बवायूचे आम्ल होते. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने समुद्राची आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आहे. जिभेला अजून ती कळत नाही, पण शिंपल्याला आणि प्रवाळाला कळते, कारण त्यांना कवच बांधणे जड जाते. त्यात समुद्र तापतो आहे. पाणी फार तापले की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल त्याला सोडून जाते. प्रवाळ पांढरा पडतो, आणि ताप ओसरला नाही तर मरतो. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे घडले. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रातील आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहेत. तथागतांच्या काळी रत्नांत गणलेला हा जीव. आणि मर्यादा न ओलांडणारा महासागर १९०० सालापासून सुमारे वीतभर वर चढला आहे.

मग काय पहारादाने सांगितलेले, तथागतांनी मान्य केलेले हे गुण खोटे ठरले? नाही. जे त्या काळी पाहिले ते सांगितले. कारणे बदलली की परिणाम बदलतो, हे तथागतांनीच शिकवले. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. समुद्र बिघडण्यामागे ईश्वराचा कोप नाही, कलियुग नाही, नशीब नाही. कारणे आहेत, आणि ती माणसाची आहेत. म्हणूनच ती माणसाला दूरही करता येतील. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण नाहीसे करता येते आणि त्याला मार्ग आहे. चार आर्यसत्ये पाण्यालाही लागू पडतात.

काही लोक विचारतात, "गुरुजी, आपण मासे खाणारे लोक. माशांविषयी करुणा आपण कोणत्या तोंडाने सांगायची?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा अर्थ सांगताना गरजेपोटी होणारी हत्या आणि हत्येची इच्छा यांत भेद केला आहे. आपल्या भागातले ढिवर बांधव जाळे टाकून पोट भरतात. मासा वाचला तरच त्यांचे घर चालते, म्हणून पाण्याची काळजी त्यांनाच अधिक. कारखान्याचे विष मात्र खाण्यासाठी मारीत नाही. ते अंडी, पिले, खाण्याचे, न खाण्याचे, सर्वांना सरसकट मारते आणि कोणाचेही पोट भरत नाही. ज्यात गरज नाही, केवळ लोभ आणि बेपर्वाई आहे, ती हिंसा कोणत्या नावाने क्षम्य ठरणार? उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत तथागतांनी विषाचा व्यापार गणला आहे. विष विकणे निषिद्ध, तर नदीत फुकट सोडणे कसे चालेल?

विनयाकडे पाहिले म्हणजे तथागतांची दृष्टी किती बारीक होती हे कळते. भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा नियम आहे. भिक्खूजवळ पाणी गाळण्याचे वस्त्र असावे, ते त्याच्या आठ आवश्यक वस्तूंपैकी एक, ते एवढ्यासाठी की पाण्यातला जीव पोटात जाऊन मरू नये. वर्षावास तरी कशासाठी? पावसाळ्यात हिंडताना हिरवे अंकुर आणि लहान जीव पायांखाली येतात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. आपल्या समुद्रातही पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी काही काळ बंद ठेवतात, कारण पुष्कळ माशांचा तो विणीचा काळ. तो समुद्राचा वर्षावासच म्हणावा.

आता आपल्या घरी येऊ. समुद्राचे दुःख ऐकून हळहळणे सोपे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात नागपूर हे ठिकाण का निवडले ते सांगताना नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता. ती नाग नदी आज नागपूरचे सांडपाणी घेऊन कन्हानमार्गे वैनगंगेत, गोसेखुर्दच्या जलाशयात येते. जलाशयाच्या काठी पवनी आहे. तेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी जेथे आपले धम्मबांधव वैनगंगेचे पाणी प्याले, तेथले पाणी आज तोंडाला लावण्यापूर्वी विचार करावा लागतो.

आणि आपण स्वतः? रोवणीनंतर बांधीत युरिया टाकतो, तो सगळा धानाला लागत नाही. उरलेला पाण्याबरोबर वाहतो. तलावात, नदीत आणि शेवटी समुद्रात तो शैवाल माजवतो. शैवाल मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. फवारणीचा पंप बोडीत धुतला तर झिंगे आणि पिले दुसऱ्या दिवशी उलटी तरंगतात. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीनंतर, बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानानंतर प्लॅस्टिकचे पेले आणि पत्रावळी कोठे जातात, हेही पाहा. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ते नाल्यात जातात. ज्याच्या जयंतीत जयघोष केला त्याच्या चैत्यभूमीपुढच्या समुद्राच्या दिशेने नव्हे, पण दुसऱ्या समुद्राच्या दिशेने ते निघतात. सगळे समुद्र एकच आहेत. चव एक, तशी व्यथाही एक.

म्हणून माझी चार कामांची विनंती आहे. विहाराच्या कोणत्याही कार्यक्रमात पळसाच्या पत्रावळी आणि धुऊन वापरायचे पेले असावेत. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे बोडीत, विहिरीजवळ वा नाल्यात कोणी धुऊ नयेत, आणि हे तरुणांनी शेजारच्या शेतकऱ्याला, तो कोणत्याही जातीचा असो, समजावून सांगावे. खत मातीच्या तपासणीप्रमाणे आणि हप्त्याहप्त्याने टाकावे, त्यात आपलाही पैसा वाचतो. चौथे काम संघटनेचे. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे, २००५ चा माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे. आपल्या नदीत कोण काय सोडतो, ते लेखी विचारावे. विचारताना ढिवर बांधवांना सोबत घ्यावे. तलाव त्यांचे पोट आहे, त्यांचे ज्ञान आपल्यापेक्षा अधिक आहे. पाण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्या नेत्याच्या अनुयायांना हे शिकवायला नको.

बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. तेथे प्रश्न पाणी कोणी घ्यावे हा होता. आज प्रश्न त्याहून पुढे गेला आहे. घेण्याजोगे पाणी उरेल काय, आणि त्यात जीव उरतील काय, हा तो प्रश्न आहे. पाण्यातल्या जीवांना मत नाही, अर्ज करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. ज्यांचा आवाज शतकानुशतके कोणी ऐकला नाही, त्यांनी या मुक्या जीवांच्या वतीने बोलावे, यात मला काही विशेष वाटत नाही. ते आपले साधे कर्तव्य आहे.

सर्व प्राणिमात्रांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!